मामांचा स्वेटर आणि लाजरीचा ताप

मामी सलाइनच्या कारखान्यात नोकरीला होती, पण तिने आयुष्यात एक बाटली भरली नाही की एक बूच लावलं नाही. ती सशांचा ताप बघायची. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसायचा. मामी थट्टा करत नाहीये हे कळलं की गप्प व्हायचा आणि मग हमखास विचारायचा, "सशांना ताप येतो?"

"येऊ नये म्हणून तर बघायचा," मामी म्हणायची.

तिला सगळी आळी मामी म्हणायची ती नवऱ्यामुळे. नवरा सरकारी इस्पितळात वॉर्डबॉय. वॉर्डात पडलेला माणूस उशी सरळ करणाऱ्याला मामाच म्हणतो, मग तो वयाने केवढाही असो. ते नाव त्यांच्या अंगाला असं चिकटलं की इस्पितळातून त्यांच्याबरोबर चालत चालत घरी आलं, जिना चढलं, आणि त्यांची बायको म्हणून ती मामी झाली. खुद्द त्यांची लेक शाळेत कुणी वडिलांचं नाव विचारलं की क्षणभर अडखळायची. कारखान्यात मात्र मामीचं नाव वेगळंच होतं. तिथे तिला तापबाई म्हणत. ती आधी आधी रागावली, मग सवय झाली, आणि पुढे पुढे फोनवरसुद्धा स्वतःच सांगू लागली, "मी तापबाई बोलतेय, ससेघरातून."

ससेघर कारखान्याच्या मागच्या अंगाला होतं, यंत्रांच्या घरघरीपासून जितकं लांब नेता येईल तितकं लांब. जाड भिंती, उंचावर खिडक्या, पायाखाली धुतली जाणारी फरशी आणि दाराला आवाज होऊ नये म्हणून रबराची पट्टी. भिंतीलगत पिंजऱ्यांच्या ओळी, मधे लांब टेबल, टेबलावर लाकडी पेट्या. पेटीत ससा बसवला की त्याची मान तेवढी बाहेर राहायची, न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकासारखी. नोकरी सुटल्यावरही कितीतरी वर्षं मामीच्या हाताला त्या खोलीचा वास होता असं तिची लेक म्हणते. वाळलेल्या गवताचा आणि उकळत्या पाण्याने धुतलेल्या लाकडाचा.

काम काय होतं ते नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. सलाइन म्हणजे तसं पाहिलं तर मीठपाणी. पण ते तोंडाने पोटात जात नाही, शिरेतून थेट रक्तात जातं, आणि तिथे त्याला अडवायला मधे काही नसतं. पाणी उकळलं की जंतू मरतात एवढं आपण शाळेत शिकतो. मेलेल्या जंतूंचं पुढे काय होतं ते कुणी शिकवत नाही. त्यांचा कचरा पाण्यात तसाच राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही, आणि रक्तात गेला की माणसाला हुडहुडी भरते, तापाने तो फणफणतो. ज्याला सलाइन लावायची वेळ येते तो आधीच अर्धमेला असतो. असा ताप त्याला झेपत नाही. त्या दिवसांत हा कचरा ओळखायचा तर एकच प्राणी उपयोगी पडे, कारण त्याला माणसासारखाच त्याचा ताप चढतो. तो प्राणी ससा.

म्हणून बाटल्यांचा नवा घाणा तयार झाला की त्यातल्या काही बाटल्या ससेघरात यायच्या. रात्रभर उपाशी ठेवलेले तीन ससे सकाळी पेट्यांत बसायचे. मामी त्यांचा आधीचा ताप बघायची, बाटली अंगाच्या उबेइतकी गरम करायची, कानाच्या कडेची बारीक शीर बोटाने चोळून वर आणायची आणि सुई घालायची. मग दर अर्ध्या तासाने थर्मामीटर, दुपारपर्यंत. तिघेही थंड राहिले तर खोक्यांवर हिरवी चिठ्ठी लागायची आणि गाड्या भरायच्या. एकाचा जरी ताप ठरलेल्या हद्दीवर गेला तर बाटल्या कुलपात आणि दुसऱ्या दिवशी आणखी पाच सशांवर तीच परीक्षा.

यात मेख अशी की ससा नुसता घाबरला तरी तापतो. धडपडला, थरथरला, कुणी मोठ्याने खोकलं, तरी पारा वर. तेव्हा मामीचं खरं काम सशांना टोचणं नव्हतंच. सशांना कंटाळा आणणं हे तिचं काम होतं. नवे ससे आले की ती त्यांना दिवस दिवस नुसतं पेटीत बसवून ठेवायची, टोचायचं नाही, मोजायचं नाही, आणि त्यांच्याशी एकाच सुरात बोलत राहायची. काय बोलायची? घरचंच. भाजीला मीठ जास्त झालं, लेकीच्या बुटाचा तळ सुटला, नणंद येणार आहे आणि किती दिवस राहणार ते सांगत नाही. ससे डोळे अर्धे मिटून ऐकायचे आणि दाराबाहेर उभे असलेले केमिस्ट पूर्ण उघडे ठेवून ऐकायचे. नणंद कधी गेली ते मामीच्या शेजाऱ्यांआधी कारखान्याला कळायचं.

सशांना तिने नावं ठेवली होती. एक हवालदार, कारण तो पेटीत बसला की छाती काढून बसायचा. एक सूनबाई, जी तोंड भिंतीकडे करून खायची. आणि लाजरी. लाजरी दिसायला सगळ्यांत देखणी, पण कुणी शिंकलं तरी तिचा ताप चढायचा. नियमाने अशी सशीण ठेवायची नसते. मामीने रदबदली करून ठेवली होती, हळूहळू धीट होईल म्हणून, आणि खरंच ती धीट झालीही होती. मागच्या कितीतरी परीक्षांत तिने पारा जागचा हलू दिला नव्हता.

वासाचं तर बघायलाच नको. एकदा नवे मॅनेजर पाहणीला आले ते सेंट लावून. ससेघरात ते जेमतेम पाच मिनिटं उभे राहिले असतील, त्या दिवशी पेटीत बसलेला प्रत्येक ससा तापला. मॅनेजर घाबरले, त्यांना वाटलं बाटल्याच बिघडल्या. तपासणीचे साहेब म्हणाले, "बाटल्या ठीक आहेत, सर. तुम्हीच नापास झालात." तेव्हापासून पक्का नियम झाला. ससेघरात शिरायचं तर वासाचा साबण नाही, वासाचं तेल नाही, बाहेरचा कपडा नाही. आत ठेवलेला, साध्या पाण्यात उकळलेला झगा घालायचा. हा नियम मामीनेच तयार केला होता आणि तीच तो सगळ्यांना बजावायची.

मुक्या जिवांना टोचता, पाप लागेल, असं म्हणणारे भेटायचेच. मामी वाद घालत नसे. नणंदेने मात्र एकदा भर लग्नात, चार बायकांत, टोमणा मारला होता. "आमची वहिनी दिवसभर सशांना टोचते आणि संध्याकाळी माझ्या भावाला." बायका हसल्या. मामीही हसली. घरी आल्यावर तिने मामांना विचारलं, "अहो, खरंच का हो पाप असेल?" मामा पायातले मोजे काढत होते. ते म्हणाले, "अगं, मी ज्याला बाटली लावतो तो रात्री शांत झोपतो. तो झोपला की मला तुझे ससे आठवतात. पापाचं मला कळत नाही." मामीला एवढं पुरलं. तरी सुई काढल्यावर सशाचा कान ती थोडा वेळ तळहातात धरून बसायची. तसं करायला कुठल्या नियमात सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी दोघं गॅलरीत चहा घ्यायची. ती बाटल्या तपासायची, ते बाटल्या टांगायचे. मधली सगळी वाट गाड्या, गोदामं आणि सह्यांची. म्हणून मामांची थट्टा होती की आपलं लग्न बाटलीच्या दोन टोकांना झालं आहे. चहाचा पहिला घोट घेतला की ते विचारायचे, "आज कोणाला ताप आला?"

"कुणाला नाही," मामी म्हणायची. मग ते वॉर्डातल्या गोष्टी सांगायचे. आज कोण उठून बसलं, कोण पेज मागू लागलं, कोण स्वतःच्या पायांनी घरी गेलं. रोज हेच. लेक म्हणायची, तुम्हाला दुसरं काही बोलायला नाही का? नव्हतंच. आणि ते नसणं किती सुखाचं होतं ते मामीला त्या हिवाळ्यात कळलं.

त्या हिवाळ्यात पाण्याचा मोठा नळ फुटला आणि त्यात गटाराचं पाणी शिरलं. आठवड्याच्या आत अर्धी आळी जुलाब-उलट्यांनी आडवी झाली. खाली जिन्यात बसणारा इस्त्रीवाला, ज्याची जीभ त्याच्या इस्त्रीहून गरम, तोही उचलून न्यावा लागला. जाताना हातगाडीवरूनसुद्धा म्हणाला की मामी, कोळसे विझवून टाका, नाहीतर तुमच्या चादरी मी नसताना जळतील आणि नाव माझं होईल. मामा घरी जेमतेम कपडे बदलायला यायचे. वॉर्डात खाटा संपल्या, मग जमीन संपली. आणि मग बाटल्या संपत आल्या.

कारखान्यात रात्रंदिवस काम चालू होतं. मोठा घाणा तयार होऊन गोदामात पडला होता, फक्त सशांचं बाकी होतं. त्या आठवड्यात परीक्षाच इतक्या झाल्या होत्या की बहुतेक ससे विश्रांतीवर होते. टोचलेल्या सशाला मधे सुट्टी द्यावीच लागते. ताजे उरले होते हवालदार, सूनबाई आणि लाजरी.

सकाळी कडाक्याची थंडी होती. मामी घाईने निघाली. त्याच वेळी मामा इस्पितळातून जिना चढत होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. त्यांनी तिच्या अंगावरची पातळ चादर पाहिली, स्वतःचा स्वेटर काढला आणि तिच्या डोक्यातून घातला, लहान मुलीला घालावा तसा. विटकरी रंगाचा, कोपरांना रफू केलेला. "आजच्या बाटल्या सोडवून आण," म्हणाले. "दुपारी मीच गाडी घेऊन येतो फाटकावर. इस्त्रीवाल्याची जीभ कोरडी पडलीय. बोलत नाहीये तो."

इस्त्रीवाला बोलत नाही म्हटल्यावर मामी पुढचं ऐकायला थांबली नाही. ती पळतच गेली. ससेघराच्या बाहेरच्या खोलीत चादर काढली, चपला काढल्या, झगा चढवला आणि आत शिरली. स्वेटर अंगातच राहिला. तो तिच्या अंगावर कुठल्या कपड्यासारखा नव्हताच, मामांच्या हातासारखा होता. त्यामुळे तो काढायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

तिघं पेट्यांत बसले. आधीचा ताप ठीक होता. सुया नीट गेल्या. पहिल्या मोजणीला सगळं शांत. दुसऱ्या मोजणीला लाजरीचा पारा थोडा वर सरकला. मामी तिच्याशी बोलत राहिली, इस्त्रीवाल्याची गोष्ट सांगत राहिली, पण आपलाच सूर बिघडलाय हे तिला ऐकू येत होतं. पुढच्या मोजणीला आणखी वर. हवालदार आणि सूनबाई थंडगार. लाजरी मात्र मामीचा हात जवळ आला की नाक भराभरा हलवायची आणि जमेल तेवढं मागे सरायची. दुपारी शेवटच्या मोजणीला तिने हद्द ओलांडली तेव्हा मामीने बाहेर काढलेला हात तसाच धरून पाहिला. झग्याच्या बाहीतून बोटभर विटकरी लोकर बाहेर आली होती. तिने ती नाकाला लावली. फिनाइल. वॉर्डातलं, जमिनीवर ओतलेलं, मामांच्या प्रत्येक धाग्यात मुरलेलं फिनाइल. घरी तिला तो वास कधीच येत नसे. तिला तो घराचा वास वाटे.

तपासणीच्या साहेबांना सगळे पाव डिग्री म्हणत, कारण ते तेवढ्यासाठीही हुज्जत घालत. वाळकी काठी असा माणूस, पण सरळ. सकाळपासून त्यांचा फोन वाजत होता. इस्पितळाचा, मॅनेजरांचा, कुठल्या कुठल्या मोठ्या माणसांचा. मामीने आकडे समोर ठेवले.

"कोण, लाजरी?" त्यांनी विचारलं. "ती तर तुमची भित्री ना? घाबरली असेल." सशाला हाताळण्यात काही चूक झाली असं ससेघरातून सांगितलं, तर तो ससा वगळायचा आणि बाकीच्यांवर निकाल द्यायचा अधिकार त्यांना होता. क्वचित वापरलेला, पण होता. "तुम्ही सांगा. तुम्ही तिला ओळखता."

मामीने झग्याची बाही वर सारली. "साहेब, अंगात मामांचा स्वेटर राहिला. फिनाइलचा वास आहे त्याला. ती त्यानेच बिचकत होती."

साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. त्यांनी पेनचं टोपण काढलं. "मग झालं तर. वासाने घाबरली. लिहितो तसं."

बाहेर फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. तो कुणाचा हे मामीला सांगायला नको होतं. एक शब्द बोलायचा होता, तोसुद्धा खोटा नव्हे. हो, एवढाच. खोकी तयार होती, हमाल उभे होते, घड्याळाचा काटा अजून अर्धा फिरायच्या आत बाटली इस्त्रीवाल्याच्या डोक्यावर टांगली गेली असती. आणि बाटलीत खरंच काही असलं, तर तीच बाटली.

"ती बिचकली हे खरं," मामी म्हणाली. "पण तापली कशाने, ते मला नाही सांगता येत. स्वेटरपण होता आणि बाटलीपण होती."

साहेबांनी टोपण परत लावलं, अगदी सावकाश, आत बसेपर्यंत दाबून. "मला पण नाही सांगता येत," ते म्हणाले. "तुम्ही हो म्हणावं असं फार वाटत होतं. जा, ज्यांची सुट्टी आज संपते त्यांतले पाच ससे उपाशी ठेवा. उद्या."

मामीने आत जाऊन स्वेटर काढला, घडी केली, पिशवीत तळाशी घातला आणि फाटकावर गेली. मामा रिकाम्या गाडीला टेकून उभे होते. तिच्याकडे पाहताच त्यांनी नेहमीच्या सवयीने विचारलं, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"कोणाला ताप आला?"

"लाजरीला."

"लाजरीला तर मी शिंकलो तरी येतो. तूच सांगतेस."

"हो."

"मग?"

"मग उद्या. पाच ससे उपाशी राहायला हवेत. आज नाही होत."

मामांनी गाडीच्या मागच्या उघड्या दाराकडे पाहिलं, जणू तिथे कुणी निजवलेलं आहे. "दोन बाटल्या उरल्यात," ते म्हणाले. "दोन. जमिनीवर किती जण आहेत सांगू?"

"नका सांगू."

ते ड्रायव्हरशेजारी चढून बसले. दार लावता लावता त्यांचं लक्ष तिच्या उघड्या दंडांकडे गेलं. "स्वेटर कुठाय?"

"आत राहिला," मामी म्हणाली. पिशवी तिने पाठीमागे धरली होती.

तो दिवस आणि पुढची रात्र मामा कसे वागले ते मामीला नंतर इस्त्रीवाल्याकडून कळलं. उरलेल्या दोन बाटल्या डॉक्टरांनी दोन लहान मुलांना लावल्या. बाकीच्यांसाठी मामांनी बादलीभर उकळलेल्या पाण्यात मीठ आणि साखर कालवली, वॉर्डातल्या मावशींना बोलावलं, आणि सगळ्यांनी मिळून चमच्या चमच्याने पाजायला घेतलं. उलटी झाली की थांबायचं, पुन्हा चमचा. ज्यांना गिळता येत होतं ते तगले. कोपऱ्यातल्या खाटेवर म्हातारे घड्याळजी होते, बाजारात कोनाड्याएवढ्या दुकानात बसून घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांना गिळता येत नव्हतं. ते पहाटे गेले.

दुसऱ्या दिवशी मामी ससेघरात शिरली ती सगळं अंग घासून, कोरड्या झग्यात, कुडकुडत. पाचही ससे दुपारपर्यंत थंड राहिले. एकाचाही पारा हलला नाही. आदल्या दिवशीचे तीन धरून आठ सशांच्या चढलेल्या तापाची बेरीज हद्दीच्या खूप खाली. बाटल्या चांगल्या होत्या. पहिल्यापासून चांगल्या होत्या. गाड्या भरून गेल्या, हमालांनी टाळ्या वाजवल्या, आणि मामी लाजरीच्या पिंजऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. लाजरी गवत खात होती.

मामा घरी आले, आंघोळ केली, झोपले ते दिवसभर झोपले. उठल्यावर गॅलरीत बसून चहा घेतला. पहिला घोट घेतला, दुसरा घेतला, कप संपला. त्यांनी विचारलं नाही. ते रागावले होते असंही नाही. भांडी घासू लागले, लेकीची वेणीसुद्धा घातली, वाकडी. फक्त तो प्रश्न गेला होता. मामी रोज चहा गॅलरीत ठेवायची आणि त्यांच्या ओठांकडे बघायची. असे कितीतरी दिवस.

सांगून टाकावं असं तिला त्या दिवसांत हजारदा वाटलं. अहो, तुमच्या स्वेटरमुळे झालं. निदान कारण तरी त्यांना कळलं असतं, सशांवरचा आणि तिच्यावरचा राग तरी गेला असता. पण ती मामांना ओळखत होती. त्यांनी तो स्वेटर थंडीत स्वतः कुडकुडत तिच्या डोक्यातून घातला होता. घड्याळजींची खाट त्यांनी जन्मभर त्या एका बाहीला बांधून ओढली असती. तिने साहेबांना गाठून सांगितलं की ही गोष्ट या खोलीबाहेर जाऊ नये. साहेब म्हणाले, कुठली गोष्ट?

एकदाच तिने धीर करून विचारलं, "घड्याळजींना बाटली मिळाली असती तर?"

"डॉक्टर म्हणाले, त्यांचं हृदयच कमजोर होतं," मामा म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "डॉक्टर चांगला माणूस आहे."

पुढची थंडीची सकाळ आली तेव्हा मामांनी पुन्हा स्वेटर पुढे केला. मामी म्हणाली, "नको, टोचतो." मामांनी भुवया वर केल्या. "सशांना टोचून टोचून तुलाच टोचायला लागलं का?" त्या घटनेनंतरची ती पहिली थट्टा. मामी थंडीने काकडत जिना उतरली, पण हसत उतरली.

मग एका संध्याकाळी इस्त्रीवाला कठडा धरून जिना चढून वर आला. अर्धा झाला होता, पण जीभ जागेवर आली होती. "मामी, तुमच्या त्या सशिणीला बरं आहे ना आता?" म्हणाला. "नाही, मला तिच्यापायी मामांनी इतकं मीठ-साखरेचं पाणी पाजलंय की परवा बायकोने चहा दिला तर मी विचारलं, मीठ कुठाय यात?" मामा मोठ्याने हसले. इस्त्रीवाला गेल्यावरही जरा वेळ हसतच राहिले. मामी आत स्टोव्हपाशी होती, त्यांच्याकडे पाठ करून.

"काय गं," मामा म्हणाले, "आज कोणाला ताप आला?"

मामीने स्टोव्ह बारीक केला, विनाकारणच. "कुणाला नाही," ती म्हणाली.

त्यानंतर तो प्रश्न कधी चुकला नाही. लेकीचं लग्न झालं, मामा निवृत्त झाले, तरी ते गॅलरीत तिची वाट बघत बसायचे आणि विचारायचे. लाजरी म्हातारी होऊन एका सकाळी पिंजऱ्यात कान पाडून मरून पडली. मामीने ती बातमी चहाबरोबर सांगितली. मामा म्हणाले, "बिचारीने फार ताप सोसला."

मग नवी तऱ्हा आली. काचेच्या बारीक नळीत बाटलीतलं पाणी आणि औषधाचा थेंब घालायचा. पाणी दह्यासारखं गोठलं तर बाटली वाईट, पातळ राहिलं तर चांगली. पाव डिग्री साहेबांच्या जागी आलेल्या तरुण बाईंनी मामीला बोलावून मुद्दाम दाखवली. मामीने नळी उजेडात धरून पाहिली. "ही घाबरत नाही?" तिने विचारलं. "नाही, तापबाई." "वासाने बिचकत नाही?" "नाही." मामी म्हणाली की मग फार चांगलं झालं, आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं. चांगले धडधाकट ससे एका शाळेच्या बागेत गेले. जे म्हातारे होते ते तिथवर पोचले नाहीत. पेट्या कुणी तरी जळणाला नेल्या. ससेघरात आता कागदाच्या पुठ्ठ्यांचं गोदाम आहे म्हणतात. दाराची रबराची पट्टी अजून असेल कदाचित.

मामा मागच्या वर्षी गेले. शेवटी इस्पितळातच होते, त्यांच्याच जुन्या वॉर्डात, आणि त्यांच्या डोक्यावर बाटली टांगलेली होती, हल्लीची प्लॅस्टिकची. मामी शेजारी स्टुलावर बसून थेंब बघत असायची. एकदा त्यांनी डोळे उघडले, वर बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ओठ हलले. शब्द फुटले नाहीत, पण काय विचारतायत हे तिला कळलं. "कुणाला नाही," ती त्यांच्या कानाशी म्हणाली, आणि तो कान थोडा वेळ तळहातात धरून बसली.

यंदा थंडी पडू लागली तशी लेक कपाट आवरायला आली. तळाशी विटकरी स्वेटर निघाला, कोपरांना रफूवर रफू. लेक म्हणाली, "आई, हा कुणाला तरी देऊन टाकू? तू तर कधी घालतच नाहीस. टोचतो ना तुला?"

मामीने तो तिच्या हातातून घेतला आणि बाही नाकाला लावली. डांबरगोळ्यांचा वास आला, थोडा साबणाचा. तिने पुन्हा एकदा, खोल श्वास घेऊन पाहिलं. फिनाइलचा वास कुठेच उरला नव्हता.

"आण इकडे," ती म्हणाली, आणि तिने तो डोक्यातून घातला. मग चहाचे दोन कप घेऊन ती गॅलरीत गेली. एक लेकीच्या पुढे ठेवला, दुसरा आपल्यापुढे, आणि बाह्या खाली बोटांपर्यंत ओढून बसली.

"टोचत नाही?" लेकीने विचारलं.

"आता नाही टोचत," मामी म्हणाली.